बिऱ्हाड पाठीवर, रॉकी समोर

अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळा काढावयास गेलेल्या आई-वडिलांचा पहिल्या खेपेस नायगरा होतो, न्यूयॉर्क होते, वॉशिंग्टन होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस मुले म्हणतात, "या वेळी ट्रेलर घेऊन डोंगरात जाऊ या." आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न विचारला गेला असेल किंवा लवकरच विचारला जाईल. मुले उत्साहात असतात. आपण मात्र मनातल्या मनात गुडघे, रक्तदाब, रात्री तीनदा उठणे आणि परक्या देशातला घाटरस्ता यांचा हिशेब मांडत असतो. हा लेख त्या हिशेबासाठी आहे. तो आपण वाचावा आणि मग मुलांच्याही हाती द्यावा, कारण त्यातला अर्धा भाग गाडी हाकणाऱ्याच्या कामाचा आहे.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे छोटेसे घर. त्याला स्वतःचे इंजिन नसते. पुढच्या त्रिकोणी दांड्याने ते पिकअप ट्रकच्या मागच्या गोळ्यास जोडले जाते. आत शेगडी, फ्रिज, पलंग, मोरी आणि शौचकूप असतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते तसेच हे. वृद्धांच्या दृष्टीने यातले सर्वांत मोठे सुख कोणते, असे विचारलेत तर मी निसर्गसौंदर्याचे नाव घेणार नाही. स्वतःचे स्वच्छ शौचालय पाच पावलांवर असणे, हे ते सुख. दुसरे सुख पथ्याच्या जेवणाचे. मऊ भात, मुगाचे वरण आणि बिनमिठाची भाजी कोणत्याही अमेरिकन महामार्गावर विकत मिळत नाही. तिसरे आपल्या उशीचे आणि औषधांच्या डब्याचे. हॉटेल बदलले की रोज रात्री नवी खोली, नवी न्हाणी, अंधारात नवा उंबरा. ट्रेलरमध्ये उंबरा रोज तोच असतो, आणि वृद्धापकाळी ही लहान गोष्ट नव्हे.

आमची मुलगी आणि जावई डेन्व्हरजवळच्या ऑरोरा या उपनगरात राहतात. त्यांच्याकडे आहे तो तिकडे ज्याला हाफ-टन म्हणतात तसा पिकअप ट्रक. हे नाव जुन्या काळचे आहे. अर्धा टन, म्हणजे सुमारे साडेचारशे किलो माल वाहणारी गाडी, असा त्याचा मूळ अर्थ. आता याच वर्गातल्या गाड्या त्याहून बरेच अधिक वजन उचलतात, पण नाव तेच राहिले. जाहिरातीत असा ट्रक साडेचार हजार किलोंचा ट्रेलर ओढतो, असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. तो आकडा खोटा नसतो, तरी आपल्या कामाचाही नसतो. आपल्या कामाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर एका लहानशा चिठ्ठीवर छापलेला असतो. माणसे आणि सामान मिळून या गाडीत याहून अधिक वजन कधीही असू नये, असे ती चिठ्ठी सांगते. याला पेलोड म्हणतात. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन ट्रकांतही हा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबून चालत नाही.

ओढण्याची ताकद आणि पाठीवर पेलण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी बैलगाडी जवळून पाहिली आहे त्यांना हे चटकन उमगेल. गाडीत भार मागे झाला की जू वर उचलले जाते आणि गाडी उलाळ होते. भार फार पुढे आला तर बैलांच्या मानेवर ओझे पडते. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या भरलेल्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावाटे ट्रकच्या पाठीवर यावाच लागतो. तो १० टक्क्यांहून कमी झाला की ट्रेलर वेगात मागे डुलू लागतो, आणि त्या डुलण्याने गाड्या उलटतात. म्हणजे हा भार कमी करून पेलोड वाचवण्याची वाट बंद आहे. आणि हा भार, जोडणीचे लोखंड, चालक, त्याची पत्नी, मागच्या आसनावरचे आई-वडील, त्यांच्या पिशव्या, चाकांची खुर्ची, हे सारे त्याच एका आकड्यातून वजा होते.

प्रत्यक्ष मांडून पाहा. दारावरचा आकडा ७२५ किलो आहे असे धरू. जावयांच्या मनात भरलेला ट्रेलर सामानासह २,८०० किलोंचा होता. त्याचा १३ टक्के भार म्हणजे ३६५ किलो. जोडणीचे लोखंड ४५. उरले ३१५. जावई ८०, मुलगी ६२, हे ७० आणि मी ६०, अशी चार माणसे मिळून २७२. शिल्लक राहिली ४३ किलोंची. त्यात चाकांची खुर्ची, पाण्याच्या बाटल्या, हत्यारांची पेटी, शिधा आणि चौघांच्या बॅगा. साडेचार हजार किलो ओढू शकणाऱ्या ट्रकाचा हिशेब २,८०० किलोंच्या ट्रेलरने असा संपतो. या वर्गातल्या ट्रकांच्या बाबतीत बहुधा असेच होते. ओढण्याची मर्यादा दूरच राहते आणि पेलण्याची आधी गाठली जाते.

जेवणाच्या मेजावर हा कागद मांडला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "मी घरी राहतो. सत्तर किलो वाचतील." कोणी हसले नाही. ज्या घरात वृद्ध असतात तिथे हे वाक्य निरनिराळ्या रूपांत कधी ना कधी उच्चारले जाते. आपण ओझे आहोत ही भावना आधीच मनात दबा धरून असते, आणि इथे तर ती किलोंत मोजून समोर ठेवली होती. मुलीने कागद उलटा केला आणि म्हणाली, "बाबा, वजाबाकी दुसऱ्या टोकाने सुरू करू. आधी चार माणसे. उरेल त्यात जो बसेल तो ट्रेलर." मला वाटते, ट्रेलर निवडण्याची याहून योग्य रीत नाही. सेवा करणाऱ्या मुलांनो, आकडेमोड करताना आई-वडिलांना यादीत शेवटी लिहू नका, पहिल्या ओळीत लिहा.

मग लहान ट्रेलर भाड्याने घ्यायचा ठरला. भरून २,१०० किलोंचा, म्हणजे पाठीवर सुमारे २७० किलो भार. आता सव्वाशे किलोंहून अधिक शिल्लक राहिली आणि सर्वांचा जीव भांड्यात पडला. पण लहान ट्रेलर निवडताना वृद्धांसाठी एक मेख असते. बऱ्याच लहान ट्रेलरांत पलंग तीन बाजूंनी भिंतीला चिकटलेला असतो. भिंतीकडे झोपलेल्याला रात्री उठायचे तर दुसऱ्याला ओलांडून जावे लागते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या, पाण्याच्या गोळ्या घेणाऱ्या किंवा मधुमेही माणसाला हे रोज रात्री दोन-तीनदा करावे लागेल. म्हणून दोन वेगळ्या खाटा असलेला, अथवा दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग असलेला ट्रेलर शोधावा. शौचालयात पाय न दुमडता बसता येते का, ते स्वतः बसून पाहावे, त्यात संकोच नको. दाराच्या पायऱ्या किती उंच आहेत, बाहेरचा दांडा हाताला भक्कम लागतो का, पायरीखाली दिवा आहे का, हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे. ट्रेलरच्या मुक्कामात वृद्धांना सर्वांत मोठा धोका असतो तो याच दोन-तीन पायऱ्यांचा. ट्रकमध्ये चढतानाही तीच काळजी घ्यावी. पिकअपचे आसन उंच असते. बाजूची पायपट्टी आणि आतला दांडा नसेल, तर एक रुंद, न घसरणारी चौकी सोबत ठेवावी.

निघण्याच्या सकाळी जोडणी होत असताना आपण बाजूला खुर्ची टाकून बसावे आणि पाहावे. जोडणारा माणूस एकदा पाहतो, बसलेला माणूस दुसऱ्यांदा पाहतो, आणि दुसऱ्या नजरेला मोल असते. गोळ्यावर बसलेली कडी कुलूपबंद झाली का? दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून लावल्या आहेत का? त्या तशा असल्या की जोड सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो. एक बारीक तार वेगळी असते. ट्रेलर पूर्णपणे सुटला तर ती ताणून एक खुंटी उपसते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ही तार साखळीला नव्हे, ट्रकालाच बांधलेली असावी. दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्या, ज्या पाठीवरचा भार पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे वाटून देतात, त्या ताणलेल्या असाव्यात. त्या नसल्या की ट्रकाचे शेपूट बसते, नाक वर होते आणि पुढची चाके हलकी पडून सुकाणू सैल लागते. या पट्ट्या भार वाटतात, पेलोड वाढवत नाहीत. विक्रेता निराळे काही सांगू लागला तर आदराने ऐकावे आणि दारावरची चिठ्ठी पुन्हा वाचावी.

ट्रेलरच्या टायरांबद्दल एक सांगायचे राहील. ती न झिजता म्हातारी होतात. वर्षातून दोनदाच फिरणाऱ्या ट्रेलरच्या टायरावर नक्षी नवी दिसते आणि आतून रबर कुजलेले असते. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षे उलटून गेली असतील तर भाड्याचा ट्रेलर बदलून मागावा. अशा अनेक टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटरच असते, मग रस्त्यावरची पाटी काहीही सांगो.

महामार्गावरच्या ट्रकतळांवर वजनकाटे असतात. थोडक्या डॉलरांत पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती आणि ट्रेलरच्या चाकांवर किती, असे तीन आकडे छापून हाती मिळतात. कागदावरच्या अंदाजाची परीक्षा इथे होते. दवाखान्यात शिरताना वजन करण्यासारखेच हे आहे. त्याला पाच मिनिटे लागतात आणि पुढचे सारे त्यावर ठरते.

आता रस्त्याविषयी. डेन्व्हरहून पश्चिमेकडे आंतरराज्य महामार्ग ७० ने निघालो की ग्लेनवुड स्प्रिंग्ज सुमारे २५५ किलोमीटरवर, ग्रँड जंक्शन ३९० वर आणि युटामधले मोआब ५७० वर. तरुण मंडळी हे अंतर एका दिवसात काटतात. आपण तीन दिवस घ्यावे. डेन्व्हरच मुळी १,६०९ मीटरवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे आपण मुलीच्या घरी चहा पितो तोच जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर. तिथून शंभर किलोमीटरच्या आत रस्ता आयझेनहॉवर बोगद्याशी ३,४०० मीटरवर जातो, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हवा विरळ होते ती माणसाला आणि इंजिनाला सारखीच. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तिथे जवळजवळ एक तृतीयांशाने घटते, आणि चढणीवर ते कण्हते ते म्हणूनच. उजव्या बाजूच्या मार्गिकेतून मालट्रकांच्या मागे ताशी ६० ने जाण्यात कमीपणा नाही.

माणसाच्या बाबतीत नियम थोडा वेगळा आहे. उंचीवरून अर्ध्या तासात पार होणे बहुतेकांना सोसते, त्रास होतो तो उंचीवर झोपण्याने. भारतातून आल्यावर निदान आठवडाभर डेन्व्हरला रुळावे. वाटेतल्या सिल्व्हरथॉर्न किंवा डिलनचा तलाव कितीही मोहक दिसला, तरी २,७०० मीटरहून उंच असलेल्या त्या भागात पहिल्या रात्रीचा मुक्काम करू नये. ग्लेनवुड स्प्रिंग्ज १,७५६ मीटरवर आहे, रात्र तिथे काढावी. हृदयाची पंपशक्ती कमी असलेल्यांनी, दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी आणि रक्तक्षय असलेल्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना हे उंचीचे आकडे दाखवून विचारावे. नुसते 'अमेरिकेत फिरायला जातो' एवढे सांगून भागत नाही. पाण्याच्या गोळ्या चालू असतील तर कोरड्या हवेत त्यांचा डोस कसा ठेवायचा, हेही विचारावे. वाटेत लघवी लागेल म्हणून पाणी न पिण्याची खोड आपल्या पिढीत फार आहे. ती इथे सोडावी. शौचालय आपल्या मागेच येत आहे! मात्र ते वापरायचे ते गाडी थांबवून. धावत्या ट्रेलरमध्ये बसणे किंवा झोपणे अनेक राज्यांत बेकायदा आहे आणि सर्वत्र धोक्याचे आहे. "आई, तू मागे जाऊन जरा पाठ टेक," असे प्रेमाने कोणी म्हणाले तरी नकार द्यावा. दीड-दोन तासांनी थांबावे, दहा मिनिटे चालावे, पोटऱ्या हलवाव्यात. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पायांतल्या शिरांत रक्त गोठण्याचा संभव वाढतो.

बोगदा सुमारे २.७ किलोमीटर लांब आहे. पहिला मार्ग १९७३ साली खुला झाला, जोडीचा दुसरा १९७९ साली. पश्चिमेच्या तोंडातून बाहेर पडताच जे दिसते ते पाहण्यासाठी मान वळवावी, पण चालकाशी बोलू नये. कारण इथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत दर शंभर मीटरला सात मीटर अशी मोठी उतरण आहे. आपल्या जुन्या एस.टी. चालकांचा नियम सर्वांना ठाऊक आहे. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. खंडाळ्याला लागू असलेला हा नियम रॉकीलाही लागू आहे. माणसे, ट्रक आणि ट्रेलर मिळून पाच टनांच्या घरात वजन उतरत असते. वरच वेग कमी करावा, खालच्या गिअरात इंजिनाला धरून ठेवू द्यावे, आणि ब्रेक सतत दाबून धरण्याऐवजी अधूनमधून नीट दाबून सोडावा. सतत दाबलेला ब्रेक तापतो, वास येतो आणि मग तो दाबला तरी धरत नाही. वाटेत उजवीकडे वाळूखडीने भरलेल्या, वर चढत जाणाऱ्या रुंद पट्ट्या दिसतात. ब्रेक गेलेले मालट्रक त्यांत शिरून थांबावेत म्हणून त्या केलेल्या आहेत. त्या पाहिल्या की या उतरणीचा स्वभाव वेगळा समजवावा लागत नाही.

ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात आणि ट्रकमध्ये त्यांचे एक लहान नियंत्रक असते. मोकळ्या आवारात ताशी ३०-४० च्या वेगात केवळ ट्रेलरचे ब्रेक लावून ते जुळवून घ्यायचे असते. ट्रेलरने मागून ठाम ओढून धरले पाहिजे, पण त्याची चाके जाम होता कामा नयेत. हेच नियंत्रक एका संकटातही उपयोगी पडते. बाजूने मोठा मालट्रक वेगात गेला की त्याच्या पुढची हवा आपल्याला आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. ग्लेनवुडच्या पुढे डी बेक दरीत आडवा वारा होता आणि अशाच एका ट्रकाने आमच्या ट्रेलरला हलवले. मागून कोणी खांदा धरून हलवावे तसे वाटले. जावयांनी सुकाणू सरळ धरले, वेगाच्या पट्टीवरून पाय काढला, ट्रकाचा ब्रेक दाबला नाही आणि नियंत्रकाचा खटका बोटाने सरकवून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावले. तीन-चार हेलकाव्यांत ट्रेलर रेषेत आला. मागच्या आसनावरून यांनी एवढेच विचारले, "थांबायचे का?" पुढच्या फाट्यावर थांबलो आणि वारा पडेपर्यंत दीड तास चहा-पोह्यांत घालवला. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी निघू नये. चाकांवरचे घर म्हणजे एक उभी भिंतच असते. वेग वाढवून किंवा जोराने ब्रेक मारून हा डोल थांबवता येतो, असे कोणी सांगितले तर त्याच्या हाती सुकाणू देऊ नये.

सिल्व्हरथॉर्ननंतर रस्ता पुन्हा व्हेलच्या खिंडीकडे सुमारे ३,२५० मीटरपर्यंत चढतो आणि पुन्हा तशीच मोठी उतरण लागते. सप्टेंबरच्या अखेरीस इथले अ‍ॅस्पेन वृक्ष सोन्यासारखे पिवळे होतात. पानांचा देठ चपटा असल्याने अगदी मंद वाऱ्यातही ती लुकलुकतात, आपल्या पिंपळाची आठवण होते. या प्रवासाला हाच काळ उत्तम. जुलैत पुढच्या वाळवंटी टापूत उष्मा असह्य होतो आणि ऑक्टोबरात खिंडीत बर्फ गाठू शकते.

ग्लेनवुड दरीतला वीसएक किलोमीटरांचा रस्ता मात्र पाहत राहावा असा आहे. कोलोरॅडो नदी, तिच्या काठाने रेल्वे, आणि डोंगराला शक्य तितके न दुखवता खांबांवर उचललेले महामार्गाचे दोन पदर. १९९२ साली हे काम पुरे झाले. वाटेत विश्रांतिस्थळे आहेत. एकाचे नावच 'नो नेम', म्हणजे बिननावाचे! २०२० च्या वणव्यानंतर इथे पावसात दरडी कोसळू लागल्या आणि २०२१ च्या पावसाळी दिवसांत हा रस्ता बंद पडला होता. म्हणून निघण्यापूर्वी रस्ता खुला आहे ना, ते सकाळी पाहून घ्यावे आणि औषधे नेहमी दोन दिवस जास्त ठेवावीत. ती ट्रेलरमध्ये नव्हे, तर ट्रकमध्ये हाताशी असावीत.

ग्लेनवुड स्प्रिंग्ज हे गरम झऱ्यांचे गाव. आपल्याकडच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखा गंधकाचा वास गावात शिरताच येतो. मूळ झऱ्याचे पाणी सुमारे ५० अंश सेल्सियस तापमानाचे असते. १८८८ साली उघडलेला मोठा तलाव १२० मीटरांहून लांब आहे. त्याच्या आदल्याच वर्षी डॉक हॉलिडे हा क्षयाने ग्रासलेला दंतवैद्य इथे येऊन वारला. त्याची अधिक ख्याती बंदुकीसाठी होती. गंधकाच्या वाफेने क्षय बरा होईल ही त्याची आशा काही फळली नाही. दुखऱ्या सांध्यांना मात्र हे पाणी खरोखर सुख देते. मोठ्या तलावात ते ३२ ते ३४ अंशांचे असते, तिथे आपण निवांत बसावे. शेजारच्या लहान तलावात ते ४० अंशांचे असते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तिथे पाच-दहा मिनिटांपलीकडे राहू नये, एकटे उतरू नये आणि उठताना घाई करू नये. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो आणि पायऱ्यांवर भोवळ येते. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावे.

मुक्कामाच्या जागी पोहोचल्यावर एक क्रम पाळला जातो की नाही, हे पुन्हा खुर्चीतून पाहावे. आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावायची, मगच ट्रक सोडवायचा. आणि ट्रेलर स्थिर झाल्याखेरीज कोणीही आत पाऊल ठेवायचे नाही. चालताना बंद ठेवलेला गॅस आता उघडावा. आत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असते. ते कळ दाबून रोज वाजवून पाहावे. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ऊब घेणे हा प्राणघातक प्रकार आहे, कारण त्या वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण मागच्या बर्फाळ पत्र्याला टेकू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच.

ग्रँड जंक्शन ओलांडले की डोंगरांचा रंग तांबडा होतो. मोआबला ट्रेलर तळावर ठेवून आर्चेस राष्ट्रीय उद्यान केवळ ट्रकने पाहावे. आतल्या वाहनतळांवर ट्रेलरला जागा फार कमी आहे. आपल्याला चालवत नसेल तरी पुष्कळ पाहता येते. बॅलन्स्ड रॉक नावाचा ३९ मीटर उंचीचा, मानेवर डोके तोलून धरल्यासारखा खडक रस्त्यावरूनच दिसतो. प्रसिद्ध डेलिकेट आर्चपर्यंतची चढण तरुणांसाठी, पण खालच्या दर्शनस्थळाकडे जाणारी सुमारे ९० मीटरांची सपाट वाट चाकांच्या खुर्चीलाही चालते. हे त्या वाटेने स्वतःच्या पायांनी गेले. परतताना मात्र खुर्चीत बसले आणि दोन्ही वेळा प्रसन्न होते. ६२ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना व कायम रहिवाशांना तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचा सवलतीचा आजन्म परवाना मिळतो. ग्रीन कार्ड असलेल्या वाचकांनी तो जरूर काढावा.

परतीबद्दल दोन शब्द. रविवारी दुपारी डेन्व्हरकडे निघू नये. साऱ्या शहराचे सहलकरी त्याच वेळी बोगद्याकडे परततात आणि चढणीवर गाड्यांच्या रांगा लागतात. त्या रांगेत ट्रेलर मागे असूनही शौचालय उपयोगाचे नसते, कारण थांबायला जागा नसते. मंगळवार किंवा बुधवार धरावा, आदली रात्र ग्लेनवुडला काढावी, सकाळच्या गोळ्या आणि नाश्ता आटोपून आठच्या सुमारास निघावे. दुपारच्या वादळी सरींच्या आधी बोगदा मागे पडतो आणि जेवायला घरी पोहोचता येते.